पिवळ्या पट्टीच्या आया

मावशी : नाही म्हणजे नाही. पिवळ्या पट्टीच्या पिंजऱ्यांतल्या आयांना आजचा डोस मी देणार नाही.

डॉक्टरीण : मावशी, आजच्याच दिवशी बरं सुचलं तुम्हाला! चार वाजता वर बैठक आहे, औषध कंपनीची माणसं येणार, मला ग्राफवर शेवटचा ठिपका टाकायचाय, आणि तुम्ही संपावर?

मावशी : संप कसला गं. हट्ट म्हण. बावीस वर्षं या खोलीत उंदीर सांभाळले, एक हट्ट तरी करू दे.

डॉक्टरीण : उद्या करा. उद्या दोन करा. आणा ती बाटली, मी देते डोस.

मावशी : तोंड बघ आधी स्वतःचं. सुकलंय नुसतं. अशा घाईत त्या आईच्या घशात नळी घालणार? पोटात काही गेलंय का सकाळपासून?

डॉक्टरीण : आनंदात खायचं सुचतंय कुणाला! तुम्हाला सांगितलंच नाही ना अजून? काल संध्याकाळी सरांनी पाकीट फोडलं. कोणत्या रंगाच्या बाटलीत दूध वाढवणाऱ्या मुळीचा अर्क आणि कोणत्यात नुसतं पाणी, ते कळलं एकदाचं. इतका सुंदर निकाल आलाय, मावशी, की मी घरी जाऊन लेकीला उचलून नाचले. पाच महिन्यांची पोर, तिला काय कळतंय, पण तीही हसली. हे जमलं तर प्रकल्प तीन वर्षं पुढे चालेल, आणि प्रकल्पाबरोबर माझी जागाही. नाहीतर या महिन्याच्या अखेरीस मी घरी. ऐका तर, पिवळ्या...

मावशी : थांब! रंगाचं मला सांगू नकोस.

डॉक्टरीण : आता काय त्यात? पाकीट फुटलंय.

मावशी : तुझ्यासाठी फुटलंय. माझ्यासाठी नाही. मला जे सांगायचंय ते सांगून होऊ दे, मग फोड. नाहीतर म्हणशील, मावशीनं ऐकून बनवलं.

डॉक्टरीण : बरं बाई. सांगा. पण पाच मिनिटांत.

मावशी : पिवळ्या आया सुस्त आहेत.

डॉक्टरीण : बाळंतिणी आहेत बिचाऱ्या. एकेकीला आठ आठ पिल्लं. मला एकच आहे, तर मी उभ्या उभ्या डुलक्या घेते.

मावशी : निळ्याही बाळंतिणीच आहेत की. निळ्यांना आठ आठच ठेवलीत ना? त्या बघ कशा. पिल्लू परत दिलं की आधी उलटं पाडतात, खालून चाटतात, मग जवळ घेतात. पिवळ्या नुसत्या पसरतात. प्या रे पोरांनो, तुमचं तुम्ही बघा. चाटायचं नाव नाही.

डॉक्टरीण : मावशी, पिल्लं तर छान पितात पिवळ्यांची. तेच तर मोजतेय मी.

मावशी : काय मोजतेस?

डॉक्टरीण : आता मला परीक्षा द्यावी लागणार? पिल्लं चार तास आईपासून दूर ठेवायची, आठही एकत्र वजन करायची. मग तासभर आईकडे द्यायची, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन वाढलं तेवढं दूध प्यायली. सोपं आहे.

मावशी : आणि त्या चार तासांत पिल्लांच्या पोटात शू साठते, ती कुठे जाते?

डॉक्टरीण : कुठे जाते म्हणजे... करत असतील ती.

मावशी : सात दिवसांची पिल्लं. डोळे उघडलेले नाहीत. त्यांना स्वतःहून होत नाही गं. आई खालून चाटते, तेव्हा होते. आणि होते ती आईच चाटून टाकते, भुशात थेंब सांडू देत नाही.

डॉक्टरीण : हे... हे माहीत आहे मला. पुस्तकात आहे. परीक्षेत लिहिलंय मी!

मावशी : लिहून झालं आणि विसरलीस. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला. तिसऱ्या दिवशीही. तू कानात त्या गाण्याच्या खुंट्या घालून आकडे उतरवत होतीस. हो हो म्हणालीस.

डॉक्टरीण : थांबा. मला नीट विचार करू द्या. चार तासांनी दोन्ही रंगांची पिल्लं तट्ट भरलेली. तेव्हा पहिलं वजन. मग निळ्या आया आधी त्यांना रिकामं करतात. मग पाजतात. म्हणजे दूध आत आलं, पण शू बाहेर गेली. वजन वाढलं ते कमीच दिसणार. आणि पिवळ्या...

मावशी : पिवळ्यांची शू आतच.

डॉक्टरीण : दूध आलं आणि गेलं काहीच नाही. म्हणून पिवळ्यांचा आकडा मोठा.

मावशी : ते आकड्याचं तू बघ. मला पोटं दिसतात. दूध प्यायलं की पिल्लाच्या डाव्या कुशीत पांढरा पट्टा दिसतो, कातडीतून आरपार. हे त्याच्या खाली, मधोमध, पिवळट आणि ताणलेलं. हात लावला की किंचाळतात. दूध नाहीये ते.

डॉक्टरीण : मावशी, तुम्हाला पिवळ्यात काय आहे ते खरंच कुणी सांगितलेलं नाही?

मावशी : कोण सांगणार? दोन्ही बाटल्यांना वाससुद्धा सारखा. सरांनी बडीशेपेचं तेल टाकून ठेवलंय दोन्हींत. म्हणजे... पिवळ्यातच आहे का मुळी?

डॉक्टरीण : पिवळ्यातच आहे.

मावशी : अगं बाई.

डॉक्टरीण : हो. आणि मी काल नाचत होते.

मावशी : बस तू आधी. त्या भुशाच्या पिशव्यांवर नको, खुर्ची घे. पाणी पी.

डॉक्टरीण : नको पाणी. आजची पिल्लं कुठे आहेत? तास संपून दुसरं वजन झालंय ना सगळ्यांचं?

मावशी : झालंय. ट्रेमध्ये आहेत, गरम गादीवर. आयांकडे अजून दिली नाहीत. देऊ?

डॉक्टरीण : देऊ नका! पुसायचं. ओल्या कापसानं. जमेल?

मावशी : मला विचारतेस? कोमट पाणी घे त्या भांड्यात. गरम नको, मनगटावर टाकून बघ. बाळाला आंघोळ घालतेस ना, तसं. कोणता पिंजरा?

डॉक्टरीण : पिवळा तीन. पहिलं वजन एकशे एकवीस. दुधानंतर एकशे सव्वीस पूर्णांक दोन. वाढ पाच पूर्णांक दोन. माझा सगळ्यात लाडका आकडा आहे हा, मावशी. पुसा.

मावशी : बघ, असं उताणं धरायचं. दोन बोटांत. दाबायचं नाही, नुसता हलका हात. आईची जीभ काही दाबत नाही... ये रे राजा. ये. झालं! बघितलंस? कापूस बघ.

डॉक्टरीण : एवढ्याशा पिल्लात एवढं?

मावशी : हे एकच झालं. अजून सात आहेत. धर, हे तू कर.

डॉक्टरीण : माझ्यानं नाही... अय्या! झालं!

मावशी : चेहरा बघ स्वतःचा. बक्षीस मिळाल्यासारखा.

डॉक्टरीण : ठेवा आठही काट्यावर. काचेचं झाकण लावा. श्वास सोडू नका तिकडे. एकशे तेवीस... पूर्णांक सात.

मावशी : मग वाढ किती राहिली?

डॉक्टरीण : दोन पूर्णांक सात. पाच पूर्णांक दोनची.

मावशी : आता निळा घे एखादा. एकाच बाजूचं बघून चालायचं नाही.

डॉक्टरीण : निळा पाच. आधी एकशे अठरा पूर्णांक तीन, दुधानंतर एकशे एकवीस पूर्णांक दोन. वाढ दोन पूर्णांक नऊ. पुसा.

मावशी : यांचं काही निघायचं नाही. आईनं कधीच केलंय. हे बघ, कोरडं. हेही कोरडं. या एकाचा थेंब. ठेव काट्यावर.

डॉक्टरीण : एकशे एकवीस. बरोबर एकशे एकवीस. म्हणजे वाढ दोन पूर्णांक सात.

मावशी : आणि पिवळ्याची?

डॉक्टरीण : दोन पूर्णांक सात.

मावशी : म्हणजे दोन्हीकडे सारखंच?

डॉक्टरीण : सारखंच दूध आहे, मावशी. मुळीनं थेंबभरही वाढलेलं नाही.

मावशी : दोनच पिंजरे झालेत. दहा राहिलेत. रडायचं असेल तर बाराही झाल्यावर रड, एकदमच होईल. वही घे. आया वाट बघताहेत, पटापट उरकू.

(दोघी उरलेले दहा पिंजरे करतात. तासभर जातो. मधेच डॉक्टरीणबाईंचा फोन दोनदा वाजतो, कुणी उचलत नाही. मग बाहेरचं दार, आणि थोड्या वेळानं आतलं दार उघडतं.)

सर : फोन का उचलत नाहीस? सव्वातीन वाजलेत. ग्राफ कुठे आहे?

मावशी : सर, तिथेच थांबा. पाय. बुटांवर कव्हर घाला आधी. टोपीही तिथेच टांगलेली आहे.

सर : हो. सॉरी. कुठे असतात ती कव्हरं हल्ली?

मावशी : हल्लीच नाही, दहा वर्षांपासून तिथेच असतात. डाव्या हाताला.

सर : घातलं. आता बोला. दोघींचे चेहरे असे का?

डॉक्टरीण : सर, ग्राफ चुकीचा आहे.

सर : हिशोब चुकला?

डॉक्टरीण : हिशोब बरोबर आहे. मोजलं तेच भलतं. आपण दूध मोजत नव्हतो. पिल्लांच्या पोटात राहिलेली शू मोजत होतो.

सर : काय?

डॉक्टरीण : ही वही बघा. बारा पिंजरे. पुसण्याआधीचं वजन, पुसल्यानंतरचं. पिवळ्यांचं सरासरी अडीच ग्रॅम घटलं. निळ्यांचं जेमतेम पाव ग्रॅम. पुसून झाल्यावर दोन्ही रंगांची वाढ सारखी. अर्क घेतलेल्या आया पिल्लांना चाटतच नाहीत. सुस्त पडून राहतात.

सर : हे तू आज शोधलंस?

डॉक्टरीण : मी नाही. मावशींनी. दोनदा सांगितलं होतं मला.

सर : मावशी, सुस्त आहेत असं तुम्हाला वाटलं, की...

मावशी : वाटलं म्हणून नाही सांगत मी. मागे एकदा सशांच्या वेळी आले होते तुमच्याकडे, वर. म्हटलं, सर, कोपऱ्यातले ससे खात नाहीत नीट, मला वाटतं पंख्याचा वारा लागतो. तुम्ही काय म्हणालात आठवतं?

सर : नाही.

मावशी : म्हणालात, मावशी, इथे वाटून चालत नाही, आकडा लागतो. रागावून नव्हता म्हणालात. चहासुद्धा दिलात. पण मी जिना उतरताना ठरवलं, आता आकड्याशिवाय हा जिना चढायचा नाही. हा घ्या.

सर : हे काय आहे? भुशाच्या पिशवीचा कागद?

मावशी : मागची बाजू. कोरी होती. एका पिंजऱ्यासमोर दहा मिनिटं बसायचं. आईनं एकदा चाटलं की एक रेघ. दुसऱ्या दिवसापासून रोज, बाराही पिंजरे.

डॉक्टरीण : दहा बारे एकशे वीस मिनिटं! मावशी, रोज दोन तास? कधी केलंत हे?

मावशी : सकाळी लवकर यायचे. थोडं जेवणाच्या सुट्टीत. चहा इथे आणता येत नाही, म्हणून चहाही सोडला होता पाच दिवस. एकदाच दारात उभी राहून प्यायले, त्याचा तो डाग आहे.

सर : पिवळा एक, चार रेघा. पिवळा दोन, सहा. तीन... तीनच. निळा एक, एकोणीस. बावीस. सतरा. मावशी, चाटलं म्हणजे काय धरलंत? आई डोकंही चाटते, पाठही चाटते.

मावशी : तोंड पिल्लाच्या पोटाखाली गेलं आणि पिल्लू उताणं पडलं, तरच रेघ. डोकं चाटलं तर नाही. मधे सोडून परत तेच पिल्लू धरलं, तर एकच. दुसरं धरलं, तर दुसरी.

सर : आणि तुम्ही मोजत असताना आई तुमच्याकडे बघून बिचकली तर?

मावशी : पहिली दोन मिनिटं नुसती बसायचे. मोजायचे नाही. सवय झाली की मग.

सर : हे मी लिहायला बसलो असतो तर तीन मसुदे झाले असते.

डॉक्टरीण : आणि सर, मावशींना रंगांचा अर्थ आज दुपारपर्यंत माहीत नव्हता. मी सांगायला लागले, तर मला गप्प केलं त्यांनी.

सर : हं. एक कळत नाही. सहा दिवस पिल्लांची पोटं अशी तुंबून राहिली, तर ती आजारी कशी पडली नाहीत? तिसऱ्या दिवसापर्यंत दोन-चार तरी जायला हवी होती.

मावशी : ते... ते माझ्यामुळे.

सर : म्हणजे?

मावशी : तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पिवळ्या एकची दोन पिल्लं मलूल दिसली. मी पुसली. मग रोजच पुसायला लागले, सगळ्या पिवळ्यांची. डॉक्टरीणबाईंचं वजनकाम संपल्यावर, त्या गेल्यावर. सकाळी पुन्हा एकदा. वजनाच्या वेळेत बोटही लावलं नाही, शपथ.

डॉक्टरीण : मावशी! हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!

मावशी : सांगितलं असतं तर नको म्हणाली असतीस.

डॉक्टरीण : हो, म्हणाले असते! कारण तुम्ही पुसलं नसतं, तर पिल्लं आजारी पडली असती, आणि आम्हाला तिसऱ्याच दिवशी कळलं असतं की काहीतरी बिघडलंय. तुम्ही आमच्या डोळ्यांपासून दडवलंत सगळं. मायेनं, पण दडवलंत.

मावशी : मग काय मरू द्यायची होती?

डॉक्टरीण : तसं नाही म्हणत मी.

मावशी : मग कसं? अठ्ठेचाळीस पिल्लं पिवळ्यांची. एक गेलं नाही. तुझ्या वहीला कळावं म्हणून मी हात बांधून बसायला हवं होतं?

सर : नाही.

मावशी : काय?

सर : नाही म्हणालो. बसायला नको होतं. आम्हाला सांगायला हवं होतं, एवढंच. आणि ती चूक अर्धी आमची. दोनदा सांगितलं होतंत ना?

डॉक्टरीण : तीही अर्धी नाही, सर. पुरी माझी. मी ऐकलं नाही.

मावशी : आता दोघं मिळून चुका वाटून घेऊ नका. वेळ कुठे आहे?

सर : तेच म्हणतो. बसा दोघी. नीट ऐक, डॉक्टरीणबाई. मावशींचं ऐकून मीही तसंच म्हणायला लागलो बघ. चार वाजता जी माणसं येताहेत ती दूध वाढवणाऱ्या औषधासाठी येताहेत. आपण म्हटलं की वाढत नाही, तर ती उठून जातील. त्यांनी हात काढला की प्रकल्प संपला. आणि प्रकल्प संपला तर तुझी जागा...

डॉक्टरीण : माहीत आहे. महिनाअखेर.

सर : दुसरा एक मार्ग आहे. बैठक पुढे ढकलायची. म्हणायचं, शेवटचे आकडे यायचेत. नवीन आया, नवीन पिल्लं, सगळं पुसून, पुन्हा करायचं. दोन महिने मिळतील. तोवर तू राहशील. खोटं काही बोललो नाही आपण.

मावशी : हे बरं आहे की.

डॉक्टरीण : नाही, सर.

सर : घाई करू नकोस. घरी लहान बाळ आहे तुझं.

डॉक्टरीण : म्हणूनच नाही म्हणतेय. ही मुळी काही आपण शोधलेली नाही. बाजारात पूड करून मिळते. बाळंतिणीला दूध यावं म्हणून घरोघरी देतात. माझ्या नणंदेनं मला आणून दिली. मी घेतेय, सर. दोन महिने झाले. दूध कमी पडत होतं, आणि मला वाटलं, मी हिच्यावरच काम करतेय, हिनं नक्की वाढणार. काल पाकीट फुटलं तेव्हा मी प्रकल्पासाठी नाचले नाही. म्हटलं, बघा, मी बरोबर होते. माझ्या बाळासाठी मी योग्य तेच करत होते.

मावशी : तू घेतेस? ही मुळी?

डॉक्टरीण : रोज सकाळी, एक चमचा. परवा दुपारी लेकीला पाजता पाजता मी बसल्या जागी झोपले. जाग आली तेव्हा ती रडून रडून थकली होती, आणि मला ऐकूच आलं नव्हतं.

मावशी : अगं, पाच महिने धड झोप नाही तुला. कुठलीही बाई झोपेल. त्यात मुळी कशाला आणतेस?

डॉक्टरीण : तसंही असेल. मला माहीत नाही. उंदराला सुस्ती आली म्हणजे मलाही येते, असं मी म्हणणार नाही, सरांनी शिकवलंय तेवढं. पण आज, या मिनिटाला, एवढं तर माहीत आहे की ती घेतलेल्या सहा आया आपल्या पिल्लांकडे बघत नाहीत. हे आपल्याला कळलंय, आणि माझ्यासारखी कुणी उद्या सकाळी चमचा भरणार आहे. तिला दोन महिने थांब म्हणू? माझी जागा टिकावी म्हणून?

सर : आणि मग तुझं काय?

डॉक्टरीण : मला घरी जायचं नाही, सर. खोटं कशाला बोलू? या खोलीचा वाससुद्धा मला आवडतो. पण आज वर जाऊन जे दाखवीन ते बारा पिंजऱ्यांचं खरं वजन असेल. मग काय व्हायचं ते होऊ दे.

मावशी : बघा, सर. पहिल्या दिवशी उंदीर बघून स्टुलावर चढली होती ही.

डॉक्टरीण : मावशी!

मावशी : खरंच चढली होती. मी उतरवली हात धरून. तीच ही.

सर : माझ्या हाताखाली अठरा जण शिकले आतापर्यंत. निकाल चांगला आला म्हणून धावत आलेले सगळेच. निकाल चुकलाय हे सांगायला, स्वतःच तपासून, तासाभरात... ठीक आहे. बोलत नाही जास्त. चष्म्यावर वाफ धरतेय या मास्कमुळे.

मावशी : मास्कमुळेच धरते हो, सर. आमच्याही धरते.

सर : बैठक आजच. मथळा बदल. दूध वाढतं की नाही, हे नाही. अर्कानं आईच्या वागण्यात काय फरक पडतो, हे. आधी जुना ग्राफ दाखव, मग सांग तो का चुकला, मग नवे आकडे. लपवायचं काही नाही. मावशी संध्याकाळी पुसत होत्या, तेही सांगायचं. त्यांनी केलेलं आहे म्हणून सांगायचं, आणि का केलं तेही.

डॉक्टरीण : आणि आजचा डोस?

सर : बंद. पिवळ्यांचा आजपासून बंद. सुस्ती किती दिवसांत उतरते ते बघू. तोवर पिल्लांना दिवसातून चार वेळा पुसायचं, वेळ लिहून ठेवायची. मावशी, हे आता नियमात आहे. मी सही करतो.

मावशी : सही नंतर करा. आधी ही पोरं आयांकडे देऊ द्या. निळ्या बघा कशा जाळीला तोंड लावून बसल्यात.

डॉक्टरीण : मी देते. पिवळा तीन... ही बघा, डोळे मिटूनच आहे. आली हो तुझी लेकरं. उठ बाई.

मावशी : हळू उठव तिला. तिचा काय दोष? घशात आपणच ओतलंय.

सर : मावशी, तुम्हीही वर चला.

मावशी : मी? कशाला? पाणी द्यायला तो आहे की शिपाई.

सर : हा कागद पडद्यावर दाखवणार आहे मी. ते विचारतील, मोजलं कसं. मघाशी मला सांगितलंत तसंच सांगायचं. तोंड पोटाखाली आणि पिल्लू उताणं.

मावशी : अहो, त्याच्यावर चहाचा डाग आहे! आणि मागे भुशाच्या दुकानाचं नाव. नीट उतरवून काढू दे तरी.

सर : अजिबात उतरवायचं नाही. जिथे रेघ मारली तोच कागद खरा.

मावशी : मोठी माणसं असतील तिथे. माझी जीभ टाळ्याला चिकटेल.

डॉक्टरीण : बारा पिंजऱ्यांसमोर पाच दिवस तुम्ही बसलात. त्या खोलीतलं दुसरं कुणी एक मिनिटही बसलेलं नाही. त्यांनी घाबरायला हवं तुम्हाला.

मावशी : हा एप्रन काढू?

डॉक्टरीण : राहू द्या. मीही काढत नाही.

मावशी : तुझा स्वच्छ आहे. माझ्यावर पिल्लानं केलंय मघाशी.

सर : तेच तर दाखवायचंय वर.

मावशी : हसताय काय दोघं! आणि तू, डॉक्टरीणबाई, जिना चढायच्या आधी घरी फोन कर. तो चमचा बंद म्हणावं. आणि काहीतरी खा. कपाटात माझा डबा आहे, उघडलेला नाही.

डॉक्टरीण : मेसेज केला मघाशीच. डबा जिन्यात खाते.

सर : जिन्यात खायला मनाई आहे.

मावशी : आज असू दे हो, सर.

सर : असू दे. चला, पावणेचार झाले. दार मी धरतो. मावशी?

मावशी : आले, आले. दिवा कमी करू दे यांचा. येते गं बायांनो. तासाभरात येते. पोरांकडे बघा तोवर.